चकमक म्हणायचं, लढाई म्हणायचं की आणखी काही?

बर्डीचा_पाहुणा
मंडळी, एक पेच पडलाय. आमचा धरमपेठेतला हौशी गट दर हिवाळ्यात जुन्या नागपूरची पायी सफर काढतो. यंदा सफरीत वाटायला चार पानी पत्रक करतोय आणि लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. सीताबर्डीच्या टेकडीबद्दल मी लिहिलं, '२६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी येथे नागपूरकर भोसले आणि इंग्रज यांच्यात चकमक झाली.' गटातल्या ज्येष्ठ काकांनी 'चकमक' खोडून 'घनघोर लढाई' केलं. एका ताईंनी 'घनघोर' खोडलं. तिसऱ्याने 'संघर्ष' सुचवला. संघर्ष हा शब्द हल्ली कॉलेजात अ‍ॅडमिशन घेण्यालाही वापरतात, म्हणून मी तो बाजूला ठेवला.

माझ्या मते चकमक म्हणजे लहान, अचानक झालेली आणि लवकर संपणारी मारामारी. पण रोजचा पेपर उघडला की तासन्‌तास चाललेल्या गोळीबारालाही चकमकच लिहिलेलं असतं. विधान परिषदेत दोन आमदार एकमेकांवर ओरडले तरी 'शाब्दिक चकमक'. मग या शब्दाचं माप काय? जाणकारांनी सांगावं.

तर्री_ज्यादा
तुमच्या ग्रुपवर जे चाललंय त्याला लढाई म्हणा आणि टेकडीवर झालं त्याला चकमक. पोहे खाऊन येतो, मग सविस्तर लिहितो.

उमरेडची_माई
चकमक आधी वस्तू होती, मारामारी नंतर. आमच्या आजोबांच्या चंचीत पानतंबाखूच्या शेजारच्या कप्प्यात पोलादाची बोटभर वाकडी पट्टी असायची, गारेचा, म्हणजे गारगोटीचा, एक तुकडा आणि बांबूच्या नळीत सावरीचा कापूस. चिलीम भरून झाली की गारेवर कापसाची चिमूट धरून वरून पट्टी झाडायचे. दुसऱ्या-तिसऱ्या झटक्याला ठिणगी कापसावर पडायची, कापूस आधी काळा पडायचा आणि मग कडेने लाल होत जायचा. आगपेटी घरात असायची, पण ती चुलीसाठी, आजीच्या ताब्यात. शेतात चकमकच.

म्हणून मराठीत चकमक 'झडते' किंवा 'उडते'. झडतात त्या ठिणग्या. बंदुकीच्या फैरी झडतात, नौबत झडते, तशीच चकमक. लढाईला हे क्रियापद लावून बघा, कानाला खटकतं. लढाई होते, पेटते, जुंपते.

आणि ठिणगीला दोन्ही लागतात, पट्टी आणि गार. एकट्या पट्टीने काही होत नाही.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या इथं चकमक-बिकमक नाई होत भाऊ. सीधा झगडा होते. पोट्टे भिडले तं झगडा, बायका नळावर भिडल्या तं भांडन, आन् पोलीस आले तं लफडा. चकमक हा पेपरवाल्यांचा शब्द हाये. माह्या आजीनं उभ्या जन्मात कोनाशी चकमक नाई केली, झगडे मात्र बम केले.

तर्री_ज्यादा
ठेचाभाऊ, +१. पण 'राडा' राहिला की.

वऱ्हाडी_ठेचा
थो मुंबईचा हाये. आता आमचे पोट्टेई म्हन्तात, मोबाइल पाहून पाहून.

निवृत्त_उपसंपादक
नागपुरात एका दैनिकाच्या रात्रपाळीत माझं बरंच आयुष्य गेलं, त्यामुळे या शब्दाशी रोजचा संबंध होता.

पेपरात चकमक एवढी का दिसते याचं पहिलं कारण अगदी क्षुल्लक आहे. अक्षरं चार आणि त्यात एकही काना-मात्रा नाही. एक कॉलमच्या मथळ्यात 'धुमश्चक्री' बसवून दाखवा. दुसरं कारण, पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये 'एन्काउंटर' असायचं आणि त्याला मराठी हवं म्हणून चकमक. हिंदी पेपरांत त्या जागी 'मुठभेड' आहे. तिच्यात मूठ आहे आणि भिडणं आहे, म्हणजे दोन माणसं हाताच्या अंतरावर आली. इंग्रजी शब्दाच्या मुळातही 'समोर, विरुद्ध' अशा अर्थाचा लॅटिन 'कॉन्ट्रा' बसलाय. तिन्ही शब्द दुसरा पक्ष समोर उभा आहे हे धरूनच चालतात.

म्हणून धागाकर्त्यांच्या मापाशी मी असहमत आहे. चकमक लहान की मोठी हा प्रश्न दुय्यम. दोन्हीकडून झाली का, हा पहिला. पहाटे अमुक ठिकाणी चकमकीत तमुक ठार, असं वाक्य लिहिलं की वार्ताहराने न पाहिलेली एक गोष्ट शपथेवर सांगितल्यासारखी होते, की समोरूनही गोळ्या आल्या. आमचे जुने वृत्तसंपादक 'पोलिसांनी दिलेल्या माहितीनुसार' हे शब्द असल्याशिवाय अशी बातमी खाली सोडत नसत. जागा कमी पडली तर मृताचं वय कापा म्हणायचे, पण हे शब्द नाही.

मुंबईत १९९५ ते १९९७ या काळात सुमारे ९९ चकमकी झाल्या आणि त्यांत सुमारे १३५ माणसं मेली. त्या खऱ्या की बनावट, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २३ सप्टेंबर २०१४ च्या निकालात न्यायालयाने अशा प्रत्येक मृत्यूसाठी नियम घालून दिले. गुन्हा नोंदवायचा, तपास स्वतंत्र यंत्रणेने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी करायची. अधिकाऱ्याचं शौर्य संशयापलीकडे सिद्ध होईपर्यंत बक्षीस किंवा बढती द्यायची नाही, हेही त्यात आहे. म्हणजे चकमक हा शब्द आधी तपासायचा आणि मग छापायचा. आम्ही मराठी पत्रकारांनी काय केलं, तर चकमकींमुळे गाजलेल्या अधिकाऱ्यांसाठी 'चकमकफेम' असा एक शब्द काढला. सिनेमाफेम, नाट्यफेम, तसा चकमकफेम. या भाषेने पाहिलेल्या जोडशब्दांत इतका गलिच्छ दुसरा मला माहीत नाही.

मधली_सुट्टी
वातावरण गंभीर झालंय म्हणून एक किस्सा. आमच्या कन्येने तिसरीत असताना 'चकमक' वापरून वाक्य केलं, 'आईची नवी साडी खूप चकमकीत आहे.' बाईंनी अर्धा गुण दिला. कशाबद्दल दिला ते अजून कळलेलं नाही. बायको म्हणते, साडीच्या किमतीवरून जे झालं ते ऐकून लिहिलं असेल.

उमरेडची_माई
अर्धा गुण बरोबरच आहे हो, ठिणगी चमकतेच की.

तर्कटराव
माईंचं लिहिणं नेहमीसारखं सुंदर, पण त्यावरून जो निष्कर्ष काढला जातोय तो पटत नाही. शब्दाचं मूळ काही असलं तरी आजचा अर्थ आजच्या वापरावर ठरतो. 'सासू-सुनेची जुंपली' म्हणताना कोणाच्या डोळ्यांसमोर बैलाच्या मानेवरचं जू येतं? 'खडाजंगी' म्हणताना 'जंग' हा फारसीतला युद्धाचा शब्द आहे हे कोणाला आठवतं? चकमकीला गार आणि पट्टी दोन्ही लागत, म्हणून शब्दालाही दोन्ही बाजू हव्यात, ही कविता झाली.

आज चकमक म्हणजे सशस्त्र दल आणि त्यांचे विरोधक यांच्यातला गोळीबार. संपलं.

निवृत्त_उपसंपादक
तर्कटराव, वापरच बघू या. 'वाघाची आणि शेळीची चकमक झाली' असं कोणी म्हणेल? 'शिक्षकाने विद्यार्थ्याला छडी मारली, दोघांत चकमक झाली' असं? म्हणणार नाही, कारण वापरातसुद्धा दोन्हीकडून वार हवा. मी शब्दकोश उघडलाच नाही, कानच उघडे ठेवले.

तर्कटराव
शेळीचं पटलं. बाकीच्यावर विचार करतो.

मधली_सुट्टी
तर्कटरावांना काहीतरी पटलं!! हा धागा जपून ठेवा.

आरमोरीकर
मी आरमोरीचा, नोकरीमुळे आता नागपुरात. आमच्या जिल्ह्याचं नाव बाहेरच्यांना या एका शब्दामुळेच माहीत झालं, म्हणून लिहितो. गडचिरोली चंद्रपुरातून वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. पोलिसांचं सी-६० हे नक्षलविरोधी पथक आलं १९९० मध्ये. त्यातले जवान बहुतेक त्याच भागातले, गोंडी-माडिया बोलणारे. म्हणजे ज्याला तुम्ही दोन बाजू म्हणता, त्या दोन्हीकडे कधी कधी एकाच पट्ट्यातल्या गावांची पोरं असतात.

तिकडचे लोक बोलताना चकमक म्हणत नाहीत. 'फायरिंग झाली' म्हणतात. 'काल तिकडं फायरिंग झाली, गाडी नाई येनार.' कोणी सुरू केली, कोण पळालं, यातलं काहीच त्या शब्दात नाही. फक्त आवाज आहे आणि बंद पडलेली एसटी आहे. मला वाटतं लोकांनी हा शब्द फार सांभाळून निवडलाय. मोठ्याने बोलायचं असेल तर असाच शब्द परवडतो.

धान कापणीच्या दिवसांत बातमी आली की आई पहिल्यांदा विचारायची, कोणत्या नदीच्या अल्याड की पल्याड. आकडा नंतर.

उमरेडची_माई
आरमोरीकर, लिहीत रहा.

बॉस्फरस
अवांतर: चकमक तुर्की आहे. कामानिमित्त तीन वर्षं इस्तंबूलला होतो. तिथे टपरीवर 'चाकमाक' मागितला की सिगारेटचा लायटर देतात. गारगोटीला 'चाकमाकताशी', ताश म्हणजे दगड. 'चाकमाक' हे क्रियापदही आहे, ठोकणे, आपटणे. फारसीतला 'चखमाक' म्हणजे बंदुकीचा घोडा. मारामारीचा अर्थ मला तिकडे कुठे ऐकू आला नाही. तो बहुधा आपण इकडे चिकटवला.

मधली_सुट्टी
म्हणजे आमच्या कॉलनीतली पोरं पानठेल्यामागे रोज चकमक करतात ते खरंच आहे तर.

टेकडीचा_गणपती
अरे पण मूळ प्रश्न टेकडीचा होता ना? बंदुकीचा घोडा निघालाच आहे तर तिकडेच जाऊ.

१८१७ मध्ये दोन जातींच्या बंदुका समोरासमोर आल्या. कंपनीच्या शिपायांकडे चकमकीच्या, म्हणजे घोड्यात गारेचा तुकडा बसवलेल्या. चाप ओढला की गार पोलादावर आपटायची आणि ठिणगी दारूवर. भोसल्यांच्या पदरी असलेल्या अरब शिपायांकडे लांब नळीच्या तोड्याच्या बंदुका. तोडा म्हणजे सतत धुमसणारी दोरी. तोड्याची बंदूक भरायला वेळ लागे, पण अरबांचा नेम पक्का होता आणि दूरवर लागे. इंग्रजांची बरीच माणसं त्यांनीच पाडली.

२६ च्या संध्याकाळी सुरू झालेला गोळीबार रात्रभर चालला. इंग्रज फौज दीड हजाराच्या आतबाहेर, लेफ्टनंट कर्नल हॉपटन स्कॉट सेनापती आणि जेन्किन्स रेसिडेंट, म्हणजे भोसल्यांच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी. आप्पासाहेब भोसल्यांची फौज त्यांच्या कित्येक पट. २७ च्या सकाळी अरबांनी उत्तरेकडची लहान टेकडी घेतली आणि तिथलीच तोफ मोठ्या टेकडीकडे वळवली. तिथे खेळ जवळजवळ संपला होता. मग कॅप्टन फिट्झजेराल्डने बंगाल घोडदळाच्या तुकड्या घेऊन खालच्या मैदानात मुसंडी मारली, लहान टेकडीवर दारूगोळ्याच्या गाडीचा स्फोट झाला, अरबांत गोंधळ उडाला आणि शिपायांनी ती टेकडी परत घेतली. एकूण सुमारे अठरा तास. इंग्रजांकडचे मेलेले आणि जखमी मिळून साडेतीनशेच्या वर, म्हणजे दर चार-पाच जणांमागे एक.

अठरा तास आणि चौथा-पाचवा माणूस पडलेला, याला चकमक कसं म्हणणार? शिवाय 'सीताबर्डी' हा युद्धसन्मान पलटणींच्या निशाणावर गेलाय. चकमकीला कोणी निशाणावर जागा देत नाही. काकांची बाजू बळकट आहे. फक्त 'घनघोर' नको, तो शब्द महाभारत मालिकेतून उठून आल्यासारखा वाटतो.

तर्कटराव
युद्धसन्मान जिंकणाऱ्याने स्वतःला दिलेला असतो. त्यावरून मराठी शब्द ठरवायचा? तीच नोंद भोसल्यांकडून लिहिली असती तर तिला काय म्हटलं असतं?

टेकडीचा_गणपती
लढाईच. हरलेली लढाई.

महालकरीण
आम्ही नागपूरच्या महाल भागात वाढलो, आमच्याकडे या गोष्टीचा दुसराच भाग सांगतात. टेकडीवर सगळं संपलं नाही. १६ डिसेंबरला सक्करदऱ्याजवळ जनरल डव्हटनच्या फौजेशी पुन्हा लढाई झाली आणि नंतर अरब शहरात वाड्याच्या आसऱ्याने तळ ठोकून बसले. इंग्रजांनी जुम्मा दरवाज्यावर, म्हणजे आताच्या गांधी गेटवर, हल्ला केला तो फसला. शेवटी डिसेंबरअखेर अरब अटी ठरवून बाहेर पडले. पत्रकात फक्त बर्डी असेल तर वाचणाऱ्याला वाटेल की एका सकाळी कारभार आटोपला. गल्लीबोळात जे चाललं त्यालाच मी चकमकी म्हणेन, अनेकवचनात. दाराआडून, गच्चीवरून, पाच-दहा जणांच्या.

आणि 'सीताबर्डी'चं मूळ गवळी बंधूंच्या शीतलाबद्री नावात आहे, तेही टाका.

तर्री_ज्यादा
पोहे झाले. महालकरीणताई, ते शीतलाप्रसाद-बद्रीप्रसाद कहाणी म्हणून छान आहे, पण आपल्याकडे बरड म्हणजे खडकाळ माळ. बरडावरची ती बर्डी, असं का नसावं? प्रत्येक गावाच्या नावामागे दोन भाऊ नाहीतर एक राक्षस असतोच.

महालकरीण
आता यावरून आपली चकमक होणार.

तर्री_ज्यादा
होऊ द्या, शाब्दिक आहे. आणि शहरात तिचा मोसमही असतो. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं की खडाजंगी, शाब्दिक चकमक, सभात्याग, मग संत्र्याची पेटी घेऊन परत मुंबई. विदर्भाला आश्वासनं देणाऱ्या १९५३ च्या नागपूर कराराची एवढी एकच गोष्ट दरवर्षी दिसते म्हणणारे आमच्या ठेल्यावर पुष्कळ आहेत.

जाम_नदीकाठ
मी पांढुर्ण्याचा. राज्याने मध्य प्रदेशात, भाषेने तुमच्यातला. आमच्या गोटमारीला काय म्हणाल सांगा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, वर झेंडा. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. दिवसभर दगडांचा मारा. डोकी फुटतात, ॲम्ब्युलन्स उभ्याच असतात, माणसं मेलेली आहेत. प्रशासनाने एकदा रबरी चेंडू आणून ठेवले, लोकांनी दगडच उचलले. संध्याकाळी झाड तोडून झेंडा निघाला की मंडळी चंडीमातेच्या देवळात.

दोन बाजू आहेत. दगड आहेत, ठिणग्याही उडतात. वैर मात्र नाही, माझी बहीण सावरगावला दिलीय आणि भाऊजी त्या दिवशी पलीकडून मारतात. लढाई नाही, चकमक नाही. आम्ही 'खेळतात' म्हणतो. 'यंदा गोटमार खेळला का?'

उमरेडची_माई
'खेळतात' म्हणणं मला जरा घाबरवतं.

जाम_नदीकाठ
आम्हालाही. दुसऱ्या दिवशी.

वऱ्हाडी_ठेचा
भाऊजीले गोटा मारासाठी वर्षातून एक दिवस सरकारी परवानगी भेटत असन तं मी पांढुर्ण्याले घर घेतो.

निवृत्त_उपसंपादक
जाम_नदीकाठ यांच्या उदाहरणात मजा आहे. या शब्दांत फरक करायचा तर तो वैर किती, वेळ किती, अंतर किती यावर होतो. आमच्या डेस्कवरची वाटणी अशी होती: अंगाला अंग लागलं तर झटापट. शस्त्रं घेऊन जवळ आले, मागे जायला वाव उरला नाही, तर हातघाई. कोण कोणाला मारतोय हे कळेनासं झालं आणि बराच वेळ चाललं, तर धुमश्चक्री. दुरून, थोडा वेळ, दोन्हीकडून, तर चकमक. तोंडाने झालं आणि शेजाऱ्यांना ऐकू गेलं, तर बाचाबाची. एकाच बाजूने झालं तर त्याला हल्ला किंवा कत्तल म्हणायचं, ज्याची त्याने जबाबदारी घेऊन. ही वाटणी रात्री दीडला, पान सुटायच्या घाईत, किती पाळली गेली ते विचारू नका.

यावर सीताबर्डी बसवा. २६ ची संध्याकाळ चकमक, २७ ची सकाळ हातघाई आणि सगळं मिळून लढाई.

तर्कटराव
हे मान्य. शेळीसकट.

बर्डीचा_पाहुणा
सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. आत्ताच परिच्छेद पुन्हा लिहिला:

'२६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी टेकडीच्या पायथ्याशी चकमक झडली आणि रात्रभर गोळीबार चालला. दुसऱ्या दिवशी सकाळी भोसल्यांच्या अरब शिपायांनी लहान टेकडी घेतली, तेव्हा लढाई हातघाईवर आली. सुमारे अठरा तासांनंतर दोन्ही टेकड्या इंग्रजांकडे राहिल्या. शहरातल्या चकमकी मात्र डिसेंबरअखेरपर्यंत सुरू होत्या.'

काकांना पाठवला. त्यांनी 'झडली' खाली रेघ मारून बाजूला 'वा' लिहिलं आणि 'सुमारे' खोडलं. फोन करून म्हणाले, अठरा म्हणजे अठरा.

टेकडीचा_गणपती
'सुमारे' परत घाला. घड्याळ लावून कोणी बसलं नव्हतं.

महालकरीण
शेवटच्या वाक्याबद्दल धन्यवाद. जुम्मा दरवाज्याचं नावही घाला, जागा असेल तर.

मधली_सुट्टी
सफरीत किल्ल्याच्या आत जाता येतं का? पोरीला न्यायचंय.

टेकडीचा_गणपती
किल्ला लष्कराकडे आहे. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला सर्वांसाठी उघडतात. एरवी खालून टेकडी गणपतीचं दर्शन घ्या आणि वर बघा. उन्हात जाऊ नका, वर सावली कमी आहे.